मी गप्प असतो तो दिवस

मित्रांनो, समुद्रात पाय सोडून बसलेला मी एक जुना विमानतळ आहे. बाली बेटाच्या अगदी चिंचोळ्या भागावर, दोन्ही बाजूंना पाणी घेऊन मी पसरलो आहे. माझी धावपट्टी पश्चिमेला थेट लाटांमध्ये घुसते. उतरणाऱ्या माणसांना शेवटच्या क्षणापर्यंत वाटते की आपण पाण्यातच जाणार. मग चाके टेकतात, सगळे एकदम श्वास सोडतात आणि काही जण टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या वैमानिकासाठी असतात. मी मात्र त्या माझ्याच समजून ठेवून घेतो.

तुम्हांला माझी गोष्ट सांगायची आहे, पण एक अडचण आधीच सांगून ठेवतो. मला सलग बोलता येत नाही. माझे कोणतेही वाक्य मधेच—

विमान. थांबा.

—तुटते. हे असे. विमान उतरते, पळते, वळते आणि मग मला आठवावे लागते की मी काय म्हणत होतो. रागावू नका. माझ्या कुंपणाला लागून राहणारी माणसेही अशीच बोलतात. ती वाक्याच्या मध्यावर थांबतात, घास हातात धरून वर बघतात आणि आवाज गेला की तिथूनच पुढे सुरू करतात. लग्न होऊन नव्याने आलेल्या मुलींना हे जमायला वेळ लागतो. कुत्र्यांना लगेच जमते.

तर माझा जन्म. आधी इथे गवत होते, नारळ होते, गाई चरत होत्या. माणसांनी ते सपाट केले. तेवढी लांबी पुरेना, म्हणून समुद्रात दगड आणि पोवळ्याचा चुरा ओतत ओतत त्यांनी मला पाण्यावर पुढे नेले. माझे निम्मे अंग जमीन आहे आणि निम्मे अंग मागून घेतलेला समुद्र. अजूनही माझ्या टोकाशी ताडाच्या पानांच्या द्रोणात फुले ठेवून माणसे समुद्राची समजूत काढतात. भरतीच्या वेळी तो माझ्या पोटाखाली येऊन कुरकुरतो. मला गुदगुल्या होतात.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. विमाने लहान होती, पाहुणे थोडे होते. लोखंडी शिडीवरून ते उतरत आणि त्यांच्या गळ्यात चाफ्याचे हार पडत. माझे पहिले दार कोरीव लाल दगडाचे होते. दाराशी दोन दगडी राखणदार, डोळे वटारलेले, दात बाहेर. लहान मुले त्यांना बघून रडत आणि मग त्यांच्याच पायाशी बसून फोटो काढत. पुढे मोठी काचेची इमारत आली. ते जुने दार मागे, इंधनाच्या टाक्यांच्या आड गेले. आता त्या दालनात मोडक्या सामानगाड्या ठेवतात. राखणदार अजून डोळे वटारून उभे आहेत. कोणाकडे, ते त्यांनाही—

विमान. मोठे आहे. जरा वेळ लागेल.

—माहीत नसावे. त्यांच्या कमरेचे काळे-पांढरे चौकड्यांचे वस्त्र बदलायला एक बाई येते. तिचे नाव सुआर्नी. ती द्रोण ठेवते, उदबत्ती लावते, दगडी दातांवरची धूळ कमरेच्या शेल्याने पुसते आणि म्हणते, "तुमच्यापेक्षा आमच्या घरातली दोन भुतं जास्त तिरसट आहेत बाबांनो."

त्या दोन भुतांमुळेच मी बोलायला बसलो आहे.

सुआर्नीचे घर माझ्या दक्षिणेच्या कुंपणाला टेकून आहे. तिचा म्हातारा सासरा रेन्तेग आणि मुलगी पुर्नामी, हीच ती दोन भुते. रेन्तेग एके काळी वस्तीची वावडी उडवायचा. ती वावडी म्हणजे साधा पतंग समजू नका. तिला सर्पाचे तोंड होते आणि शेपटी इतकी लांब, की ती जमिनीला लागू नये म्हणून वस्तीतली पोरे तिच्याखाली रांगेने धावत. तिच्या डोक्यावर बांबूची धनुकली बांधायचे. त्या धनुकलीवर ताणलेली पट्टी वाऱ्यात घुमायची. इथे त्या घुमणाऱ्या धनुकलीला गुवांग म्हणतात. प्रत्येक वस्तीच्या गुवांगाचा सूर वेगळा. आभाळाकडे न बघता बायका सांगायच्या, ही आपली, ही पलीकडची.

मग मी वाढलो. माझ्या आभाळात वावडी उडवायला मनाई झाली. ते बरोबरच होते, वावडीची दोरी विमानाला मारू शकते. वस्तीतले तरुण हॉटेलांत कामाला गेले. सर्पाचे तोंड वस्तीच्या मंडपात आढ्याला टांगले गेले आणि त्याचे कान उंदरांनी खाल्ले. सूर तेवढा उरला, तोही एकट्या रेन्तेगच्या डोक्यात. पट्टी किती ताणायची, बांबू कुठे तासायचा, हे तो हाताने दाखवू शकत होता. पण सूर बरोबर लागला की नाही, हे कानानेच ठरते. आणि माझ्या शेजारी जन्म काढून त्याचे कान हळूहळू—

विमान.

—जात होते.

पुर्नामी लहान होती तेव्हा प्रत्येक विमानाला दचकून रडायची. रेन्तेग तिला मांडीवर घ्यायचा, दोन्ही तळहातांनी तिचे कान झाकायचा, तोंड अगदी कानाशी न्यायचा आणि बंद ओठांनी तो सूर धरायचा. गुवांगाचा. विमान जाईपर्यंत. ती झोपायची. तिने खरा गुवांग कधीच ऐकला नाही, पण तिची झोप त्याच सुराची होती.

ती मोठी झाली, शिकली आणि माझ्याच मनोऱ्यात कामाला लागली. उंच काचेच्या खोलीत बसून विमानांना वाट सांगू लागली. रेन्तेग वस्तीभर सांगत सुटला, "माझी नात विमानाला थांब म्हणते, आणि ते थांबतं. माझं तर कोंबडंही ऐकत नाही."

एका वर्षी वावड्यांच्या दिवसांत त्याला राहवले नाही. कान पुरते जायच्या आत एकदा ऐकावे म्हणून त्याने परसात एक वावडी बांधली आणि सकाळी समुद्रावर जाऊन सोडली. दोरी निसटली. वावडी डुलत डुलत माझ्या आभाळात आली. मनोऱ्यातून पुर्नामीला तिची काळी-तांबडी शेपटी दिसली. एक भरलेले विमान उतरायला आले होते. तिने त्याला पुन्हा वर जायला सांगितले आणि दोरीचे टोक कुंपणाला अडकले होते तिथे सुरक्षारक्षकांना पाठवले. त्यांनी वावडी उतरवली आणि नियमाप्रमाणे कापून टाकली. दोरीमागे धावत आलेल्या म्हाताऱ्याच्या हातात एक धनुकली तेवढी राहिली. ती त्याने सोडलीच नाही.

तेव्हापासून आजोबा आणि नात एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच चटईवर जेवायला बसायचे.

"मेमे," पुर्नामी आईला म्हणायची, "पेकाकना सांग, मासा गार होतोय." पेकाक म्हणजे आजोबा.

"सुआर्नी, तिला सांग, मला ऐकू येत नाही."

"ऐकू येत नाही तर मग उत्तर कसं दिलं, असं विचार त्यांना."

"तिला सांग, माशाच्या वासावरून."

"तुमच्या दोघांत चार बोटांचं अंतर आहे," सुआर्नी भाताचे भांडे आपटायची. "मी काय टपाल खातं आहे? उद्यापासून तिकीट लावा—"

विमान.

"—आणि मग बोला."

पुर्नामी चुकली नव्हती. रेन्तेगलाही ते कळत होते. म्हणूनच त्याला बोलता येत नव्हते. रागवायला कारण नसले की राग फार दिवस टिकतो, हे मी माझ्या प्रतीक्षागृहात अनेकदा पाहिले आहे.

असे महिने गेले आणि नव्या वर्षाचा पहिला दिवस जवळ आला. इथे त्याला न्येपी म्हणतात. त्या दिवशी विस्तव नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. कोणी घराबाहेर पडत नाही. भुतांना वाटावे की बेट रिकामे आहे, म्हणजे ती कंटाळून निघून जातात. आणि मित्रांनो, त्या दिवशी मीही बंद असतो. एकही विमान येत नाही, एकही जात नाही. प्रवाशांकडून ऐकले आहे की तुमच्याकडेही तेव्हाच नवे वर्ष लागते आणि घरोघरी बांबू उभा राहतो.

आदल्या संध्याकाळी वस्तीत भांडी, ढोल, डबे बडवण्याचा कल्लोळ चालू होता. कागदी राक्षस खांद्यांवर नाचत होते. रेन्तेग परसात बांबूच्या टोकाला धनुकली बांधत होता. तिची जुनी वेताची पट्टी तुटली होती. त्याने खोक्यांना बांधतात ती पांढरी प्लास्टिकची पट्टी लावली. ती माझ्या मालगोदामातून वाऱ्याने उडून त्याच्या अंगणात पडली होती. म्हणजे माझेही काही त्यात होते.

"हे काय चाललंय?" सुआर्नीने विचारले.

"उद्या ती कुठं जाईल? घराबाहेर पडता येत नाही. बसेल समोर. वारा आला की ऐकेल. मला बोलावंही लागणार नाही."

सुआर्नी त्याच्या कानाशी वाकली. "तिनं उद्याची ड्यूटी मागून घेतलीये. आभाळातून जाणाऱ्या विमानात कोणी आजारी पडलं तर मनोऱ्यात माणूस लागतं ना. म्हणाली, घरात तशीही रोज न्येपीच आहे."

रेन्तेगचे हात थांबले. त्याने बांबूची उंची नजरेने मोजली. मग विचारले, "मनोरा कुठल्या अंगाला?"

"डोंगराच्या. रोज दिसतो की तुम्हाला."

"मग दक्षिणेच्या समुद्राकडून वारा हवा." आणि त्याने त्या बांबूला आणखी एक लांब बांबू जोडून करकचून बांधला.

"या वयात वर चढणार आहात?"

"मी कुठं चढतोय? बांबू चढतोय."

त्याने धनुकलीचे तोंड दक्षिणेच्या समुद्राकडे केले आणि तो जोडबांबू शेजाऱ्याच्या मदतीने उभा करून नारळाच्या झाडाला आवळला. शेवटचे विमान माझ्यावरून उठले. त्याचे दिवे लहान होत होत ढगात विरघळले, आणि त्यानंतर

मित्रांनो, आता बघा, मी सलग बोलणार आहे, कारण आता मला कोणी तोडणार नाही. सकाळ झाली आणि मी झोपेतून उठलो नाही, तर झोपेत उतरलो. माझ्या पोटाखाली समुद्र बोलत होता आणि मला त्याचे शब्द वेगवेगळे कळत होते. एक खेकडा धावपट्टीच्या पांढऱ्या आकड्यांवरून चालत गेला आणि त्याच्या पायांचा आवाज मी मोजता मोजता विसरलो. उभ्या विमानांच्या पंखांखाली बगळे सावलीला आले. काचेच्या इमारतीत फलक कोरे होते. सरकते जिने थांबून साधे जिने झाले होते. मला स्वप्न पडले की मी पुन्हा गवत आहे आणि गाई माझ्यावर श्वास सोडत आहेत. डांबर उन्हाने तडतडले तेव्हा मला कळले की हा माझाच आवाज आहे. असा माझा आवाज आहे, हे मी वर्षभर विसरलेला असतो.

पण वारा नव्हता. माझ्याकडे खांबाला लावलेली नारिंगी कापडी झोळी आहे. वारा कुठून येतो ते तिच्याकडे बघून कळते. ती ओल्या मोज्यासारखी लोंबत होती. कुंपणापलीकडे ओट्यावर बसून रेन्तेग तिच्याकडेच बघत होता. इतकी वर्षे आम्ही शेजारी होतो, पण एकाच गोष्टीची वाट बघत पहिल्यांदाच बसलो होतो. उन्हे डोक्यावर आली तेव्हा पश्चिमेकडून झुळूक आली. धनुकलीला ती आडवी लागली आणि पट्टी नुसती थरथरली. दुपार कलू लागली. आज वारा फिरला नाही, तर उद्या सकाळी विमाने येणार आणि पुढच्या न्येपीपर्यंत म्हाताऱ्याचे कान आणि हात यांतले काय उरेल, कोणास ठाऊक. मी माझ्या सगळ्या तापलेल्या लांबीने वाऱ्याला ओढत होतो. तापलेली जमीन वाऱ्याला बोलावते म्हणतात. मग झोळीने हळूच मान वळवली. फुगली. समुद्राकडून डोंगराकडे ताठ झाली.

आणि तो सूर आला. आधी मला वाटले की तो माझ्या आतूनच येतो आहे. तो जाड होता, मऊ होता, खाली वाकलेला होता, आणि त्याला सुरुवात नव्हती. माझ्या जन्मापासून तो माझ्या शेजारी होता आणि मी त्याला पहिल्यांदा ऐकत होतो.

रेन्तेगला मात्र काहीच ऐकू येत नव्हते. तो बांबूकडे बघत होता, पट्टीची थरथर डोळ्यांनी ऐकायचा प्रयत्न करत होता. तेवढ्यात गल्लीतून गेदे आला. गेदे एरवी हॉटेलात आचारी आहे, पण न्येपीला तो वस्तीचा पेचालांग असतो. चौकड्यांचे वस्त्र नेसून रस्त्यावर फिरायचे आणि कोणी नियम मोडत नाही ना ते बघायचे, हे त्याचे काम.

"पेकाक," तो कुजबुजला, "तो आवाज बंद करा."

"काय?"

"आवाज, आवाज!"

"मोठ्यानं बोल की."

"मोठ्यानं कसं बोलू? आज न्येपी आहे!" गेदे घामाघूम झाला आणि म्हाताऱ्याच्या कानाला जवळजवळ चिकटला. "तो आवाज बंद करा. कारभाऱ्यांनी पाठवलंय मला. देवळापर्यंत ऐकू येतंय."

रेन्तेगचा चेहरा उजळला. "म्हणजे वाजतंय?"

"वाजतंय म्हणजे काय!"

"कसं वाजतंय? माशीसारखं का म्हशीसारखं?"

गेदेने नाइलाजाने मान वर केली, ऐकले. "म्हशीसारखं. लांबची म्हैस. चिखलात बसलेली."

"खूश असलेली का रुसलेली?"

"...खूश असलेली."

"मग बरोबर आहे," रेन्तेग म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

"बरोबर काय? काढा ते."

"काढणं म्हणजे काम. आज काम चालत नाही."

"मग बांधलंत कसं?"

"काल बांधलं. काल चालत होतं."

"आज करमणूकही चालत नाही, पेकाक."

"मला ऐकूच येत नाही, माझी कसली करमणूक? तुझी होत असेल तर तू कान झाक."

"मीच काढतो," गेदे बांबूकडे निघाला.

"काढ, काढ. न्येपीला पेचालांगच नारळाशी झोंबत होता, असं उद्या सगळी वस्ती सांगेल."

गेदे थांबला. त्याने बांबूकडे पाहिले, गल्लीकडे पाहिले आणि मग ओट्यावर बसला. थोड्या वेळाने पुन्हा कानाशी वाकून म्हणाला, "माझे बाबा वावडीच्या दोरीला असायचे ना? मागं कुठंतरी?"

"मागं नाही. सगळ्यांत पुढं. तळहात सोललेले असायचे त्याचे."

गेदेने स्वतःचे तळहात पाहिले. "मी इथंच बसतो," तो म्हणाला. "आज कोणी काम करून ते काढू नये, यावर लक्ष ठेवायला हवं."

माझ्या दुसऱ्या अंगाला, मनोऱ्यात, पुर्नामी कानांवर यंत्र लावून रिकामे आभाळ बघत होती. तिला घुमल्यासारखे ऐकू आले. तिला वाटले, यंत्रात बिघाड आहे. तिने एक बटण फिरवले, दुसरे फिरवले. मग यंत्र कानांवरून काढले. सूर तसाच होता. तिने काचेची लहान झडप उघडली. समुद्राचा वारा आत आला आणि त्याच्याबरोबर ते.  मग तिचे दोन्ही हात आपोआप वर गेले आणि तिने स्वतःचे कान तळहातांनी झाकले, जसे तिचे लहानपणी कोणीतरी झाकत असे. पुन्हा उघडले. पुन्हा झाकले. बाहेर आणि आत तोच सूर होता.

अंधार पडला. बेटावर एक दिवा लागला नाही. चांदण्या इतक्या खाली आल्या की मला वाटले, त्याच उतरायला परवानगी मागत आहेत. मनोऱ्याची झडप उघडीच होती.

सकाळी न्येपी संपली. ड्यूटी दुसऱ्याच्या हाती देऊन पुर्नामी कुंपणाच्या कडेकडेने घरी आली. रेन्तेग ओट्यावर होता, काढलेली धनुकली मांडीवर घेऊन. सुआर्नी सवयीने दोघांच्या मधे उभी राहिली. "बोला. काय सांगू कोणाला?"

"काही नको, मेमे," पुर्नामी म्हणाली. ती आजोबांसमोर गुडघ्यांवर बसली. दोन्ही तळहातांनी तिने त्याचे कान झाकले, तोंड अगदी कानाशी नेले आणि बंद ओठांनी तो सूर धरला.

म्हाताऱ्याचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"थोडं खाली, लुह," तो म्हणाला. लुह म्हणजे पोरी.

ती खाली आली.

"अजून थोडं."

ती आणखी खाली आली.

"हां," रेन्तेग म्हणाला. "तिथंच. आता सोडू नकोस."

तेवढ्यात पहिले विमान आले. माझ्या अंगावर चाके आदळली, सगळा गोंगाट परत आला आणि मला पुढचे काहीच ऐकू आले नाही. पण मला दिसत होते. तिचे ओठ त्याच्या कानापासून हलले नव्हते.

आता धनुकलीची पट्टी पुर्नामी ताणते. रेन्तेगला लांबचे काहीच ऐकू येत नाही. ती आधी त्याच्या कानाशी गुणगुणते, तो मान हलवतो, मग ती गाठ मारते. माझ्या आभाळापासून दूर, दुसऱ्या किनाऱ्यावर, आता सर्पाच्या नव्या तोंडाची वावडी उडते. दोरीला सगळ्यांत पुढे गेदे असतो.

मित्रांनो, मी तुमच्याजवळ एकच मागणे मागतो. कधीतरी सुट्टीत तुम्ही माझ्यावर उतराल. जरूर या, टाळ्याही वाजवा. पण चाके टेकताना एवढे मनात ठेवा की खाली कोणाचे तरी वाक्य अर्ध्यावर थांबलेले आहे. आणि परत गेल्यावर आपल्याही घरात बघा, कोणाचे काही सांगायचे—

विमान. थांबा.

—राहून गेले आहे का. असेल तर गोंगाट थांबायची वाट बघत बसू नका. तो वर्षातून एकदाच थांबतो. जवळ जाऊन बसा आणि कानाशी तोंड न्या.